राखेचं ताट, पावडरचं ताट

परवा लेकीकडे एक गंमत झाली. तिने डिशवॉशरसाठी फॉस्फेट नसलेल्या दोन कंपन्यांच्या पावडरी आणल्या होत्या आणि दोन्हींनी धुतलेले ग्लास खिडकीशी धरून ती कितीतरी वेळ बघत होती... कोणता जास्त स्वच्छ? मी शेजारी उभी होते, पण मन पार धरमपेठेत जाऊन पोचलं होतं, सत्तरच्या दशकात, आमच्या भाड्याच्या घरातल्या मोरीपाशी.

तेव्हा घरात आई-बाबा, मी, धाकटा भाऊ आणि मोठी आई. मोठी आई म्हणजे माझी मोठी काकू. काका गेल्यावर बाबांनी तिला काटोलजवळच्या गावाहून आमच्याकडे आणलं. मूलबाळ नव्हतं. आल्या दिवसापासून तिने घरातली भांडी स्वतःकडे घेतली ती घेतलीच... दुसऱ्या कोणाला मोरीत बसू देईना.

मग आमच्याकडे गॅस आला. आई शाळेत शिकवायची, सकाळी तिची फार धावपळ व्हायची, त्यामुळे घरात अगदी सण असल्यासारखा आनंद. चूल फोडली, ओटा बांधला. चूल गेली म्हणजे राखही गेली, हे मात्र कोणाच्याच डोक्यात आलं नाही!

आईने बाजारातून भांडी घासायची पावडर आणली. झाकणाला भोकं असलेला डबा, उघडला की लिंबासारखा वास. मोठ्या आईने तो हुंगून फळीवर ठेवून दिला आणि वाटी घेऊन शेजारच्यांकडे राख मागायला गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा... मग रोजच.

आईला ते फार लागायचं. घरात नवी पावडर असताना आपली जाऊ दारोदार राख मागते, लोक काय म्हणतील? दोघी भांडल्या नाहीत, पण बोलणं कमी झालं. जेवायला वाढताना नुसता पळ्यांचा आवाज यायचा.

शेवटी एका रविवारी आईच म्हणाली, "बाई, आज अर्धी भांडी तुम्ही राखेने घासा, अर्धी मी पावडरने घासते. बघूच काय होतं ते." मोठ्या आईने पदर खोचला. "हाव, होऊन जाऊ दे!"

त्या दिवशी पाटवडीचा रस्सा होता. ताटांना तर्रीचा लाल थर, आणि धुवायला विहिरीचं जड पाणी, ज्याने भांड्यांवर हमखास पांढरे डाग पडायचे. दोघी मोरीत समोरासमोर बसल्या. आम्ही भावंडं दारात उभी, आणि बाबांना परीक्षक केलेलं. ते बिचारे पेपरमागे लपायला बघत होते...

निकालाची वेळ आली. पितळी गंज, म्हणजे मोठं पातेलं, राखेचा सरस निघाला, सोन्यासारखा. पावडरने घासलेल्या पेल्यातून पाणी प्यायल्यावर बाबांनी तोंड वाकडं केलं, "साबण लागतोय गं!" आईचा चेहरा पडला. पण स्टीलच्या ताटांपाशी बाबा अडले. एकदा वहिनीकडे बघायचे, एकदा बायकोकडे.

मोठ्या आईनेच दोन्ही ताटं उचलली आणि अंगणात उन्हात नेऊन धरली. राखेच्या ताटावर बारीक ओरखडे होते, कडेला हात लावला की तेल लागत होतं. पावडरचं ताट लख्ख.

"तुह्यंच चांगलं निंगालं वं सुमन," ती आईला म्हणाली. आवाजात राग नव्हता. ताटं पुसून तिने खाली ठेवली आणि हळूच म्हणाली, "उद्या माह्या भावाले निरोप धाडा. मी गावी जातो आता. हे काम तं कोणीबी करन... मंग मी काहून राहू इथं?"

इतके दिवस आम्हांला वाटत होतं की हा हट्ट राखेचा आहे... ती मात्र आपण या घरात कशासाठी आहोत, याचं उत्तर मोरीत बसून घासत होती.

माझी आई मराठीची शिक्षिका. आम्ही घरात 'मले-तुले' केलं की लगेच सुधारायची. त्या दुपारी ती मोठ्या आईसमोर उकिडवी बसली. थंडीने भेगाळलेले, राखेने काळवंडलेले तिचे हात तिने आपल्या ओल्या हातांत घेतले आणि म्हणाली, "हे हात पाहून आणली वं बाई मी पावडर. भांड्यांसाठी नाही ठेवलं तुमाले... मले तुमी पायजे."

आईच्या तोंडून तशी बोली मी पहिल्यांदाच ऐकली. मोठी आई रडली, आणि रडता रडता हसली. "तू बी बोलतं का वं असं?"

निरोप गेला नाही. पुढे भांडी सगळेच घासायला लागले, अगदी बाबासुद्धा. सकाळ मोकळी झाली तशी मोठी आई गल्लीतल्या भजनी मंडळात जायला लागली, आणि काही महिन्यांत तिथली मुख्य गाणारी झाली! तिचा गळा इतका गोड आहे हे आम्हांला ठाऊकच नव्हतं. घरात ती कधी गुणगुणलीसुद्धा नव्हती.

ती शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. माझ्या लग्नात मंगलाष्टकं तिनेच म्हटली... विधवा बाईने म्हणावीत का, असं कोणीतरी कुजबुजलं, तेव्हा आईने माइक स्वतः तिच्या हातात दिला. त्या दोघी जावांच्या घरात मी वाढले, हे माझं भाग्य.