डिस्कच्या जागेसाठी गाऱ्हाणं

शैलावहिनी नसती तर मी आज देवगडात आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकत बसलो असतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे माझी जी शोभा झाली, ती वाचताना तिचे उपकार बाजूलाच राहतील!

नववीत शाळा सोडून मी मामाच्या कारापूरच्या फोटो स्टुडिओत आलो. (घरापासून लांब राहिलं की धाकधूक असतेच. मला तर बल्ब गेला तरी घाम फुटतो.) शैलावहिनी ही मामाची सून. तुयेच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. ती म्हणाली, "भावजी, एक डिस्क मेली तर अर्धी लग्नं जातील. प्रत्येक फोटो दोन्ही डिस्कांवर राहील, अशी मांडणी बदला." कसं ते शिकवून ती ड्युटीवर गेली. ड्युटीवर फोन बंद!

मी मांडणी बदलली आणि एका कमांडने जागा बघितली. एकूण जागा निम्मी! घाबरून दुसऱ्या कमांडला विचारलं. ती म्हणे, जागा होती तेवढीच, पण सामान दुप्पट! म्हणजे एक सांगते अर्धं घर कोसळलं. दुसरी सांगते घर शाबूत, पाहुणे दुप्पट!

"मामा, जागा गेली."

"खंय गेली? भाड्यान दिलंस?"

"आपोआप गेली."

गावातल्या पार्श्याच्या लग्नाचं सगळं शूटिंग त्याच डिस्कांवर, आणि नवरीचा बाप संध्याकाळी न्यायला येणार!

"फोटो दिसतायत, मामा."

"आज दिसतत. फाल्या? लग्न गेला तर मेल्या, पयल्या बशीन देवगड!"

आमच्याकडे हरवलेल्या म्हशीपासून अडलेल्या सोयरिकीपर्यंत एकच उपाय. मामाने कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या डिस्काची जागा जी कोणी खाल्ली आसात, ती त्याच्या पोटातसून भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेजारच्या सलूनमधलं गिऱ्हाईक एका गालाला साबण घेऊन ओरडलं. त्याच्याहून मोठ्याने मी ओरडलो. मामाने टेबलाच्या कडेवर नारळ फोडला आणि सगळं पाणी कीबोर्डावर!

तेवढ्यात वहिनी ड्युटीवरून आली. स्क्रीन बघून हसतच सुटली.

"बाबा, काही गेलं नाही. प्रत्येक फोटो आता दोनदा ठेवलाय. एक कमांड दोन्ही नकला मोजते, म्हणून सामान दुप्पट. दुसरी कमांड नकला सोडून खरोखर मावेल तेवढंच सांगते, म्हणून जागा निम्मी."

"म्हणजे देवान आयकला!" मामा म्हणाला.

"आणि कीबोर्ड?" मी विचारलं.

"त्याची नक्कल नव्हती, भावजी."

नवरीचा बाप शूटिंग घेऊन गेला, मी कारापुरातच राहिलो. वहिनीचे उपकार मी एक दिवस दुप्पट फेडणार आहे. फक्त तिला ते निम्मेच दिसले, तर तिने घाबरू नये!