चाळीमागचं पत्र्याचं छप्पर

आकाशातून काढलेल्या फोटोत कोपरची आमची चाळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसूच आलं. इतकी भांडणं केली, इतके गणपती बसवले, इतकी लग्नं लावली, आणि सगळं मिळून बोटाच्या पेराएवढं!

वागळे इस्टेटमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी जन्मभर ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढले. रिटायर झाले आणि वॉर्डाच्या सर्व्हेचं काम मिळालं. टॅबवर फोटोतलं एकेक छप्पर उघडायचं, त्या घरी जायचं, माणसं सांगतील ते भरायचं. रस्ता कुठून न्यायचा, काय ठेवायचं, काय पाडायचं, ते त्यावरून ठरणार. ‘तुम्ही तिथल्याच, तुम्हाला लोक मोकळेपणी सांगतील,’ साहेब म्हणाले. मलाही पटलं. कसलं काय!

चाळीच्या मागे पत्र्याचं एक लांबट छप्पर दिसत होतं. ते आमचे चार संडास. दहावीच्या परीक्षेत शेजारची काकी पहाटे उठून माझं टमरेल रांगेत लावायची. कोणी कुरकुरली की, ‘पोरीचा पेपर आहे, तुझी काय बोर्डाची परीक्षा आहे?’ म्हणून तिचं तोंड बंद करायची. आज हे सांगितलं तर लोक नाक मुरडतील, पण मला त्या रांगेची खरंच आठवण येते. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची सासू रुसली, सगळं तिथेच कळायचं. आता शेजारी कोण राहतं तेही मला माहीत नसतं.

सर्व्हेला गेले तर काय कौतुक! घरोघरी चहा, पोहे, एकीने तर ओटीच भरली. पण संडासाचं विचारलं की एकच उत्तर, ‘घरात केलाय गं.’ सात घरं झाली, सातही घरांत तेच. टॅबवर त्या छपरापुढे ‘वापर नाही’ जमत चाललं. मागून रस्ता काढायचं चाललेलं. वापर नाही म्हटल्यावर ते पाडणार आणि दुसरे बांधणार नाहीत, हे सरळ होतं.

शेवटी काकीकडे गेले. ती आता एकटीच असते, गुडघे पार गेलेत. आई-बाबा गेले, आमची खोली सुटली, तरी काकी आहे म्हणून माझं तिथे येणंजाणं राहिलंय.

“काकी, संडास?”

“घरातच आहे की.”

एका खोलीचं घर, मोरी डोळ्यांसमोर, आणि हिला संडास कुठे सापडला? दाराशी काठी आणि बादली तयार होती. मी भडकलेच.

“काकी, माझ्याशी पण खोटं बोलतेस? उद्या ते पाडलं तर हे गुडघे घेऊन जाणार कुठे?”

“तू लिही गं मी सांगते ते. लाडू घे.”

मी लाडूही घेतला नाही आणि टॅबवरही काही भरलं नाही. तणतणत घरी आले आणि नवऱ्यावर राग काढला. तो शांतपणे म्हणाला, “दुसरं कोणीतरी पाठव.”

साहेबांना विचारून आठही घरं मी घोडबंदरकडच्या एका सहकारी बाईंना दिली, कोणी मला काय सांगितलं तेही त्यांच्या कानावर घातलं. त्यांना चाळीत कोणी ओळखत नव्हतं. सात घरांनी त्यांना धडाधड खरं सांगून टाकलं. काकीच्या वेळी मात्र मला राहवेना. मी बाजूच्या जिन्यात उभी राहून चोरून ऐकत होते.

“लिहा,” काकीचा आवाज खणखणीत आला. “चारातले दोन तुंबलेत. लाइट नाही. मला खाली बसता येत नाही, एक तरी कमोडवाला द्या. आणि पाडलंत ना, तर तुमच्या ऑफिसात येऊन बसेन, सांगून ठेवते!”

शाब्बास, मी मनात म्हटलं.

“मग आजी, मागच्या वेळी घरात आहे म्हणून का सांगितलंत?”

काकीचा आवाज खाली आला.

“अहो, तेव्हा आमची मुलगी आलेली. माहेरी आलेल्या पोरीपुढे कसलं रडगाणं गायचं? तिला हे सांगू नका हं. आई नाहीये तिला.”

मी पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका फुटलाच.

“कोण आहे गं जिन्यात?” काकीने आतून विचारलं.