डोळ्यांवर पट्टी असताना सोडवलेली गणितं

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, अमरावतीला, प्रॅक्टिकलच्या तासाला कॉस्टिक सोड्याच्या बाटलीचं घट्ट बसलेलं बूच मी जोर लावून ओढलं आणि द्रावण डोळ्यांत उडालं. बाईंनी मला कितीतरी वेळ नळाखाली वाकवून ठेवलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि दहा दिवस ती काढायची नाही म्हणून बजावलं. परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

होस्टेलच्या आमच्या खोलीत सहा खाटा होत्या. पण ती वर्षं शेतीला फार वाईट होती. चार मुली दिवाळीला गावी गेल्या त्या परतल्याच नाहीत. उरलो मी आणि अकोटची एक मुलगी. तिचे अब्बा तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होते. ती आर्ट्सची, उर्दू घेतलेली. तरी दुपारचं जेवण झालं की माझं पुस्तक घेऊन ती खाटेच्या कडेला बसायची आणि ॲसिड-बेसच्या समतोलाची गणितं वाचून दाखवायची. अर्थ कळत नसल्यामुळे एकेक अक्षर शेर वाचावा तसं सावकाश वाचायची.

मी पडल्यापडल्या मनातच सोडवायची. दोनचा आणि तीनचा लॉग पाठ होता, त्यावरून अठराचा काढायचा. वर पंखा घरघरत असे. हळूहळू पट्टीमागच्या अंधारात मला ॲसिडचे रेणू दिसायला लागले. ते तुटत होते, पुन्हा जुळत होते. जेवढे तुटत तेवढेच जुळत, आणि बाहेरून सगळं निवांत. तोवर मी नुसती सूत्रं घोकली होती. कधी मधेच डोळा लागायचा आणि झोपेतही आकडे तरंगत राहायचे. जाग आली की ती त्याच पानावर थांबलेली असायची.

एका दुपारी अगदी पातळ ॲसिटिक ॲसिडचं गणित आलं. नेहमीसारखा मी तुटलेल्या रेणूंचा एक्स लहान धरून सोडून दिला आणि पीएच ४.३७ सांगितला. पुस्तकात ४.४६ होता. तिनं पुन्हा वाचलं, मी पुन्हा सोडवलं. तेच.

 मग ती म्हणाली, "तो एक्स केवढा हाय हे माहीत नसतानी, तो लहान हाय हे तुले कसं समजलं?"

 सरांनी सोडायला सांगितला होता, म्हणून मी सोडत आले होते. ताडून पाहिलं तर माझ्याच हिशोबानं शंभरातले बेचाळीस रेणू तुटत होते. मग तिला वही घ्यायला लावली, वर्गसमीकरण तोंडी सांगितलं, आकडेमोड तिनं केली. ४.४६ आलं. "जमलं," एवढंच ती म्हणाली. माझ्या पट्टीखाली पाणी साचलं होतं. ते पुसायचीही सोय नव्हती.

पेपर चांगला गेला. उजव्या डोळ्यानं मात्र जरा धूसर दिसायचं, ते अजूनही तसंच आहे. उन्हाळ्यात तिच्या अब्बांचं जिनिंग बंद पडलं आणि तिनं कॉलेज सोडलं. घरीच मुलांना शिकवायला लागली. परत ये म्हणून मी दोनदा पत्र लिहिलं. तिनं दोन्हींची उत्तरं पाठवली, पण त्याविषयी एक ओळही लिहिली नाही.

पुढं एम.एस्सी.ला मी अकोल्याला आले. रविवारी एसटीनं अकोटला जायची. आम्ही तिच्या गच्चीवर चहा घेत बसायचो. खाली मुलं पाढे म्हणत असायची, आणि ती मधूनच वाकून एखाद्याची चूक सुधारायची.