साहेबांच्या पानावरची चौथी ओळ

"अहो मॅडम, तुमचा उल्लेख आहे की. साहेबांच्या पानावर बघा."

सेक्रेटरी सरांनी हे हसत हसत सांगितलं. गंगापूर रोडवरचं मंगल कार्यालय. बाहेर गाड्यांची रांग, आत खुर्च्यांना पांढरी कापडं. उत्तरेतल्या एका मोठ्या विद्यापीठात शिकून नाशिकला परतलेल्या लोकांचा मेळावा होता. दोन हजार चार-पाचचा सुमार. त्यानिमित्त गुळगुळीत कागदाची स्मरणिका काढली होती. आमचे नामवंत पदवीधर आणि त्यांचं कर्तृत्व. एका पानावर एक माणूस. वर फोटो, खाली त्यानं काय काय केलं त्याच्या ओळी.

मी ती दोनदा चाळली. देवळाली कॅम्पचे एक ब्रिगेडियर होते. विमानाच्या कारखान्यातले इंजिनिअर होते, हाडांचे डॉक्टर होते, संस्कृत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मी नव्हते. महिनाभर आधी मी फॉर्म भरून दिला होता, स्वतः सरांच्या हातात. पासपोर्ट फोटो. एम.एस्सी.चं वर्ष, पीएच.डी.चं वर्ष. कांद्याच्या साठवणुकीवरचं माझं काम. सगळं स्वच्छ अक्षरात.

म्हणून विचारायला गेले, तर हे उत्तर.

साहेब म्हणजे द्राक्षांचे मोठे बागाईतदार. परदेशात माल पाठवणारे, दोन-तीन संस्थांचे संचालक. त्या विद्यापीठात मला तीन वर्षं सीनियर. त्यांचं पान पहिलंच होतं. पहिली ओळ निर्यातीची. दुसरी शीतगृहाची. तिसरी कुठल्या तरी पुरस्काराची. चौथी अशी होती.

"लासलगाव मार्केटमध्ये कांदा निवडणाऱ्या मागास समाजातील एका मजूर स्त्रीच्या मुलीस विद्यापीठात नेऊन उच्चविद्याविभूषित केले."

एका मुलीस. नाव नाही, गाव तेवढं आहे. जात आहे. आईचं काम आहे. फक्त मी नाही. त्या पुस्तकात मी पदवीधर नव्हतेच, मी कर्तृत्व होते. दुसऱ्याचं. पुरस्काराच्या खाली आणि पाचव्या ओळीतल्या वृक्षारोपणाच्या वर.

डोकं सणकलं.

मी जागेवर आले. तिथे आई बसली होती. माझं नाव पुस्तकात छापून येणार म्हणून मीच तिला लासलगावहून बोलावलं होतं. सकाळच्या एसटीनं आली. माझ्या लग्नातली साडी नेसून आली, जिला ती एरवी हात लावू देत नाही. आईला वाचता येत नाही. ती बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटत होती आणि प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होती.

"तुझा फोटू कोन्त्या पानावर हाय गं?"

मी काही बोलले नाही.

"मागं आसंल," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून उलटायला लागली.

माझं हे गप्प बसणं जुनं आहे. ते कुठून आलं ते सांगते.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आम्ही मार्केटशेजारच्या बौद्ध वस्तीत राहायचो. आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायची. मोठा एकीकडे, बारकी गोल्टी एकीकडे, सडका फेकायला. दिवसभर उकिडवं बसून. मी शाळा सुटली की तिच्या शेजारी बसून निवडायचे आणि सडका कांदा बघून मला एकच प्रश्न पडायचा, हा नेमका का सडला? बी.एस्सी. झाले तरी तो प्रश्न सुटला नव्हता. त्या उत्तरेतल्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली. पास झाले. यादीत नंबर लागला. पत्र आलं, ते पोस्टमननं वस्तीत सगळ्यांना वाचून दाखवलं.

गावातल्या मास्तरांना कळलं की बागाईतदाराचा मुलगा, म्हणजे आजचे हे साहेब, तिथेच शिकतो. मास्तरांनी त्याच्या वडिलांना सांगितलं. नाशिकरोड स्टेशनवर तो भेटला. वडील त्याला म्हणाले, "हिच्यावर लक्ष ठेव," आणि मला म्हणाले, "हा तुझा दादाच समज." मी समजले. तिकडे पोचल्यावर त्यानं मला फी भरायची खिडकी दाखवली आणि मुलींच्या हॉस्टेलकडे जाणारा रस्ता दाखवला. हे खोटं नाही. कुणी दाखवलं नसतं तर विचारत विचारत गेले असते, पण त्यानं दाखवलं.

एवढंच. मला विद्यापीठात नेलं ते एवढंच.

दुसऱ्या वर्षी तिथल्या मराठी मंडळानं गणपती बसवला. एका मराठी प्रोफेसरांच्या बायकोकडे सगळा स्वयंपाक असायचा. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. घरापासून इतक्या लांब, कानावर दिवसभर हिंदी, आणि तिथे मराठी बोलत मुली पुरणाभोवती बसलेल्या. मी पदर खोचून गेले. काकू म्हणाल्या, "तू लासलगावची ना? मग कांद्यातलं तुझ्याइतकं कुणाला कळणार! तू कांदा चीर बाई."

मला काय आनंद झाला! आपल्या गावाचं नाव घेऊन, मानानं काम दिलं. मागच्या पडवीत पोतं होतं, विळी होती. दुपारपर्यंत मी कांदा चिरला. एकसारखा, पातळ. डोळे गळत होते तरी थांबले नाही. वाटलं, दोनशे माणसं आज माझ्या हातचं जेवतील.

पंगत बसली. मी पानात माझा कांदा शोधायला लागले. बटाट्याच्या भाजीत नाही. वरणात नाही, कोशिंबिरीत नाही. शेजारच्या मुलीला विचारलं, "कांदा कशात घातलाय गं?" ती हसून हसून वाकली. "अगं वेडे, नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदा असतो का कधी?"

आमच्या घरी गणपती नाही, नैवेद्य नाही. मला कुठून माहीत असणार? पंगतीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. काकूंना तर होतंच.

दादा पंगतीत वाढत होता. त्यानं माझा प्रश्न ऐकला. "तो मांडववाल्या मजुरांच्या भाजीचा कांदा," तो म्हणाला. "काकू आडनाव विचारत होत्या. मीच म्हटलं, हिला बाहेरचं काम द्या. कशाला उगीच कुणाला अवघड व्हायला?" आणि माझ्या पानात भात वाढून पुढे गेला. वरून. हात उंच धरून.

मांडववाल्यांना माझा कांदा चालला. देवाला चालला नाही. मला राग कशाचा आला असेल? मी तो आनंदानं चिरला याचा. मी फसले त्याचा. आणि सगळ्यात जास्त याचा, की मी ते जेवण पूर्ण जेवले. ताट टाकून उठले नाही, पान चाटूनपुसून साफ केलं, कारण अन्न टाकू नये असं आईनं शिकवलं होतं. नंतरची चार वर्षं मी त्याला दादाच म्हणत राहिले.

मी तिथून एम.एस्सी. केली, पीएच.डी. केली. कांदा साठवायच्या चाळीच्या तळाखालून हवा खेळवली तर कांदा किती टिकतो हे मी स्वतः चाळी बांधून, त्यात रोज उतरून, वास घेऊन, हाताळून मोजलं. नाशिकजवळच्या संशोधन केंद्रात लागले. शेतकरी मला विचारायला येतात. कुणी मला त्यांच्यापर्यंत नेलेलं नाही.

आता परत त्या कार्यालयात.

सेक्रेटरी सर घाईघाईनं आमच्या खुर्च्यांपाशी आले. हातात झेंडूचा जाडजूड हार. "मॅडम, एक छोटासा हृद्य कार्यक्रम ठेवलाय. तुमच्या मातोश्रींच्या हस्ते साहेबांचा सत्कार. मग तुम्ही दोन शब्द बोला. कृतज्ञतेचे. लगेच साहेब शिष्यवृत्ती जाहीर करणार आहेत, तुमच्यासारख्याच मुलींसाठी."

म्हणजे हे सगळं ठरलेलं होतं. माझा फॉर्म हरवला नव्हता. फॉर्म छापला असता तर मी त्यांच्या बरोबरीची झाले असते, आणि मग हार कुणाच्या आईनं घालायचा?

स्टेजवरून सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंचा आवाज आला, "आणि आता कांदा निवडणाऱ्या त्या माउलीला मी मंचावर आमंत्रित करते." टाळ्या. आईला नीट कळलं नाही, पण लोक तिच्याकडे बघतायत हे कळलं. ती उठली. सरांनी तिच्या हातात हार दिला. तिचं तोंड फुललं होतं.

"तुला घालायचा ना?" तिनं मला विचारलं.

"नाही आई. त्यांना."

तिनं स्टेजवरच्या साहेबांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"का? त्याह्यनी काय केलं?"

तिनं खरंच विचारलं होतं. तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्या लेकीला त्या माणसानं शिकवलं ही बातमी त्या सभागृहातल्या सगळ्यांना होती. फक्त तिलाच नव्हती. मी विद्यापीठात असताना सणाला गावी येऊ नकोस, अभ्यास कर, मी हाय, असं पत्रात कुणाकडून तरी लिहून घेणारी ती. आणि तिनं आता त्याच्या गळ्यात हार घालायचा.

"काही नाही केलं," मी म्हटलं. "खाली बस, आई."

ती बसली. लगेच. हार मांडीवर घेऊन.

मी स्टेजवर गेले. माइक हातात घेतला आणि आधी माझं नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश. पदव्या सांगितल्या. आईचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "साहेबांच्या पानावर चौथ्या ओळीत जी मुलगी आहे, ती मी. मला कुणी विद्यापीठात नेलेलं नाही. मी परीक्षा देऊन गेले. साहेबांनी मला फीची खिडकी दाखवली, त्याबद्दल आभार. त्यांनी माझं आडनाव सांगून मला देवाच्या स्वयंपाकातून बाहेर काढलं होतं. पुस्तक पुन्हा छापाल तेव्हा हीसुद्धा ओळ घाला."

पुढच्या रांगेतले लोक साहेबांकडे बघायला लागले.

साहेब उठले. हसत. माझ्या हातातला माइक अलगद काढून घेतला आणि लोकांना म्हणाले, "आमचीच पोरगी आहे. रागावलीये. चालतं. आपल्याच माणसावर रागावतो माणूस." लोकांचा जीव भांड्यात पडला. टाळ्या सुरू झाल्या. अपमान करून वर माफही करून टाकलं मला! मी काय बोलले ते त्या टाळ्यांत पुसून गेलं असतं.

मी माइकशिवाय बोलले. खळ्यावर आरडाओरडा करून वाढलेला गळा आहे माझा, शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"मी तुमची पोरगी नाही. माझी आई तिथे बसली आहे."

टाळ्या थांबल्या. साहेबांचं हसू थांबलं. मी पहिल्यांदा त्या माणसाचा चेहरा हसण्याशिवाय बघितला.

आम्ही जेवणासाठी थांबलो नाही. दारात सरांनी गाठलं. आवाज दबका, पण रागाचा. "शिष्यवृत्ती रद्द केली साहेबांनी. त्या गरीब मुलींचं नुकसान तुम्ही केलंत. समाधान झालं?"

ते मला झोंबलं. अजून झोंबतं. माझ्या केंद्रात प्रोजेक्टला येणाऱ्या मुलींकडे बघताना वाटतं, यातल्या एखादीचा उपयोग झाला असता. पण मग ती मुलगीही कुणाच्या तरी पानावर ओळ होऊन बसली असती. तिच्याही आईच्या हातात हार दिला असता. नाही झालं समाधान. आणि पश्चात्तापही झाला नाही.

रिक्षात आई म्हणाली, "लय बोलली तू." मला वाटलं रागावली. ती बाहेर बघत म्हणाली, "कधी बोलायला पायजे व्हतं, आन् आज बोलली."

ती स्मरणिका नाशिकभर वाटली गेली. दातांच्या दवाखान्यात बाकावर सापडते. कॉलेजच्या वाचनालयात आहे. बँकेच्या मॅनेजरच्या टेबलावर मला दिसली. जिथे सापडते तिथे मी ती उघडते, पहिलं पान काढते आणि पेननं चौथी ओळ खोडते. शेजारच्या मोकळ्या जागेत माझं नाव लिहिते, पदव्या लिहिते, संशोधनाचा विषय लिहिते. खाली आईचं नाव. आतापर्यंत तीनदा लोकांनी हटकलं. वाचनालयातला माणूस म्हणाला, सरकारी मालमत्ता आहे, तक्रार होईल. मी म्हटलं, करा, नाव लिहूनच ठेवलंय.

एक प्रत त्या बागाईतदाराच्या ऑफिसात आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून काचेच्या टेबलावर उघडी ठेवलेली असते, त्याच पानावर. मी फोन करून वेळ मागितली. आता मी त्याला साहेब म्हणत नाही, दादा तर नाहीच. फोनवरच्या मुलीनं सोमवारी अकराची वेळ दिली आणि विचारलं, "काय काम म्हणून लिहू?"

मी म्हटलं, "लिहा, दुरुस्ती."