डाल्याला डांबर

मासळीच्या बर्फाचं पाणी झिरपून आमच्या पिकअपचा मागचा, माल ठेवायचा डाला गंजला होता. चंद्रपुरात मशीनने जाड कोटिंग मारून देतात, तेच करू, असं मोठ्या भावाला सांगून सांगून मी थकलो.

"तलावातल्या डोंग्याले आपनच डांबर लावतो, मंग गाडीले काऊन नाई?" म्हणत त्याने अख्खा डाला डांबराने माखला.

सिंदेवाहीच्या बाजारात भर उन्हात ते डांबर वितळलं. टोपल्या तळाला चिकटल्या, मासळीला डांबराचा वास आला, गिऱ्हाईक नाक दाबून पळालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डोंगा पाण्यात राह्यते, भाऊ! गाडी उन्हात उभी राह्यते!" मी भर बाजारात ओरडलो.

त्याने डाल्यावरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाला, "थर पातळ लागला. अजून एक हात मारू."