अकरा ओळींची तक्रार

रुग्णालयातल्या औषधपंपांत चालणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, ताईने सतरा वर्षांपूर्वी लिहिली. थेंब किती, किती वेळाने सोडायचे, हे ती लायब्ररी ठरवते. यंदा पंपांत नवी चिप आली. लायब्ररी तिच्यावर चालती करायचं काम ताईकडेच आलं. मी साहित्याची पदवी घेऊन याच ऑफिसात माहितीपुस्तिका लिहिते. माझी खुर्ची ताईच्या शेजारी; ऑफिसात सगळेच तिला ताई म्हणतात.

नव्या चिपवर एक चाचणी नापास व्हायची. पंप फार काळ चालला की मोजणीचा आकडा मावेनासा होतो आणि एकदम उणे होतो. तसं झालं की पंपाने थांबायचं. तो थांबत नव्हता.

"तुझंच काही चुकलं असेल," मी सहज म्हणाले.

"तेच धरून बसलेय. उठसूट कम्पायलरवर संशय नवशिके घेतात."

कम्पायलर, म्हणजे आपण लिहिलेलं चिपला कळेल अशा आज्ञांत उतरवणारा प्रोग्राम. नव्या चिपबरोबर तोही नवा आला होता.

ती अर्धा प्रोग्राम कापायची आणि चालवून बघायची. चूक टिकली तर उरलेल्याचा पुन्हा अर्धा. प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबायचं. ती कपाळ टेबलाला टेकायची. तीन आठवडे. चाळीस हजार ओळींच्या अकरा झाल्या.

मधेच ताईच्या सासूबाईंचा फोन.

"तुझा तो कम्पायलर की कोण, त्याला म्हणावं सून आमची आहे."

"सांगते. तोही कंटाळलाय मला."

कम्पायलरला 'वेगवान कर' सांगणारी खूण काढली की चाचणी पास. घातली की नापास.

"मग काढूनच टाक ना."

"मग चिपला वेळेत थेंब मोजता येत नाहीत. माझ्या ओळी त्याच आहेत, उतरवणाराच चुकतोय." आता तिची खात्री पटली होती.

मॅनेजर एकेकाळी तिच्याच हाताखाली शिकला. तो टेबलाशी येऊन उभा राहिला.

"ताई, कम्पायलरची चूक असेल तर मी ग्राहकाला थोडं थांबायला सांगतो. आपली असेल, तर वरचे विकतची लायब्ररी घ्यायला टपलेलेच आहेत. ही कायमची बंद."

"कम्पायलरचीच आहे. लेखी देते."

दिलंही. अकरा ओळी तिने कम्पायलर बनवणाऱ्यांना पाठवल्या.

चौथ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. तिने दोनदा वाचलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. भाषा नम्र होती. बेरीज मर्यादेबाहेर जाऊ न देणं हे लिहिणाऱ्याचं काम, असा या प्रोग्रामिंग भाषेचा नियम आहे. तुम्ही आधी बेरीज करता, मग ती उणे झाली का बघता. नियमाने ती उणे होऊच शकत नाही, म्हणून वेग वाढवताना कम्पायलरने ती तपासणी निरुपयोगी समजून गाळली. तक्रार बंद.

"थांब म्हणणारी ओळच काढली त्याने?"

"मी थांब उशिरा म्हटलं. बेरजेच्या आधी म्हणायला हवं होतं."

"आणि जुना कम्पायलर?"

"सांभाळून घेत होता. सतरा वर्षं."

"हे अजून कोणी वाचलंय?"

"तू आणि मी."

"मग ती ओळ गुपचूप बदल. चाचणी पास होईल."

बोलून गेले आणि लाज वाटली. ती रागावली नाही. तिने सगळ्या लायब्ररीत शोध लावला. तशाच तपासण्या त्रेसष्ट ठिकाणी होत्या.

"तेव्हा हातच तसा बसला होता. चाचणी फक्त एकीची आहे. बाकी बासष्टांना कोणी काही विचारलेलंच नाही. आणि पंप कुणाच्या तरी हाताला लावलेला असतो."

तिने उत्तर मॅनेजरला पाठवलं. वर लिहिलं, 'माझं चुकलं. लेखी दिलेलं मागे घेते.'

तो लगेच आला.

"आधी बोलायचंत ना, ताई. काहीतरी बघितलं असतं."

"म्हणूनच बोलण्याआधी लेखी पाठवलं."

"आता काय होणार, माहितीये तुम्हाला."

"हो. विकतची घेशील तिच्यात ही तपासणी कशी केलीय, ते मला दाखव. मगच सही कर."

त्याने मान हलवली. तिच्याकडे न बघता गेला.

ताईने त्रेसष्ट जागांची यादी उघडली.

"बंद होणार ना ही?" मी विचारलं.

"जुन्या पंपांत चालतेय अजून. तिथला कम्पायलर उद्या कोणी बदलला तर?" तिने डोळे चोळले. "मला अक्षरं दिसेनाशी झालीत. तू वाच."

मी फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक वाचला. तिने दुरुस्त केलं. मी पुढचा वाचला. सहा वाजेपर्यंत त्रेसष्टपैकी नऊ झाले.