गोजरच्या घरून रिकामा डबा जात नाय

वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला डोंगराला टेकून एक वाडी आहे. तिथं गोजर एकटी राहते. नवरा देवराम जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही. दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा, मागं चार कोंबड्या आणि शिराळ्याचा मांडव. खाली ओढ्याकडं भाताचा एक तुकडा. भात कापून झालं की त्याच ओलीवर ती वाल पेरते, आणि त्या वालावर तिचा उन्हाळा निघतो.

वाडीत गोजरचं नाव दोन गोष्टींसाठी घेतात. एक तिची जीभ, तिच्या वाटेला कुत्रंसुद्धा विचार करून जातं. दुसरी गोष्ट, तिच्या घरून कुणाचं भांडं कधी रिकामं परत गेलं नाही. आता भांडं रिकामं धाडू नये हे सगळीच पाळतात. पण इतर बाया चिमूटभर साखर टाकून मोकळ्या होतात. गोजरच्या लेखी ती पळवाट. आलेल्या वस्तूच्या तोलाचं काहीतरी गेलंच पाहिजे. देवराम गेला त्या साली घरात खरंच काही नव्हतं. शेजारच्या जनीच्या सासूनं पेजेचं पातेलं आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पातेलं घासूनपुसून परत आलं, आत दोन वाळक्या काटक्या.

"ह्या कशाला गो?" सासूनं विचारलं.

"चुलीला. पेज काय उन्हात शिजली तुजी?"

अशा बाईच्या दारात शाळेनं दानधर्म आणून ठेवला.

त्याचं असं झालं. वाडीच्या शाळेत पूजाबाई आल्या. मूळच्या सापगावच्या, टोकावड्याला खोली घेऊन राहायच्या, स्कूटीवरून यायच्या. पोरी-पोरांवर जीव टाकणारी बाई. पहिली-दुसरीच्या पोरांना द्यायची सवय लागावी म्हणून त्यांनी गणपतीनंतर 'देण्याचा शनिवार' सुरू केला. घरात जे शिजेल त्यातलं थोडं डब्यात आणायचं आणि शाळा सुटली की गोजरआजीला नेऊन द्यायचं. जो देईल त्याच्या नावापुढं भिंतीवरच्या तक्त्यावर चमकती चांदणी.

पहिल्या शनिवारी दोन-तीन पोरं आली. गोजर ओट्यावर तांदूळ पाखडत होती.

"आजी, आमी तुला दान आणलंय," जनीची भाविका म्हणाली. पहिलीतली पोर, समोरचे दोन दात पडलेले.

"मी काय मेलीय की काय, दान करायला?"

"चांदणी मिळते."

"मग आण इकडं."

डब्यांत भाकरी होती, चटणी होती, एकाच्या डब्यात गोडाचा शिरा होता. गोजरनं ते आपल्या ताटलीत काढून घेतलं, डबे विसळले आणि प्रत्येकात एकेक काकडी घातली. पोरं काकड्या खात घरी गेली.

पुढल्या शनिवारी निम्मी शाळा आली. त्याच्या पुढल्याला सगळी.

पूजाबाई हरखल्या. पोरांच्या मनात दया कशी रुजली, असं त्यांना वाटलं. तक्ता चांदण्यांनी भरून गेला. पोरांचा हिशेब मात्र निराळा होता. वाटीभर आमटी नेली की काकडी मिळते, भाकरीचा चतकोर नेला की शिराळं मिळतं, आणि संदेशला तर एकदा पिठल्याच्या बदल्यात अंडं मिळालं होतं. तेव्हापासून संदेश घरी रोज पिठलं करायला सांगत होता.

गोजर पोरांवर कधी खेकसली नाही. पोरं आली की तिला बरं वाटायचं, घरात जरा कलकलाट व्हायचा. पण डबे बघितले की घरात काय उरलंय ते ती मनातल्या मनात मोजायची. एका माणसानं खायचं तरी किती? उरलेलं कोंबड्यांना जायचं. आणि डबे भरायचे तिला एकटीला. काकडीचा वेल सुकला. शिराळी संपली. कोंबड्या खुडुक बसल्या. मग चिंचेचा गोळा फुटला, मग आमसुलं, मग तांदळाच्या मडक्यात हात गेला.

एका शनिवारी तिनं सरळ कडी लावली आणि मागं मांडवाखाली बसून राहिली. पोरांनी हाका मारल्या, दार वाजवलं.

"आजी घरात नाय," संदेश म्हणाला.

"परसाकडं गेली आसंल," भाविका म्हणाली. "ठेवा डबे ओट्यावर, सोमवारी घेऊ."

पोरं पांगल्यावर गोजर पुढं आली. ओट्यावर डबेच डबे. स्टीलचे, प्लास्टिकचे, एकाचं झाकण दोरीनं बांधलेलं. तिनं कपाळावर हात मारला. घरात आता एकच वस्तू शिल्लक होती. कोपऱ्यात, राखेत घोळवून मडक्यात ठेवलेलं वालाचं बी. भात कापून झालं होतं. आणखी चार दिवसांत ते जमिनीत जायचं होतं.

तिनं मडक्याचं फडकं सोडलं. मूठ-मूठ वाल प्रत्येक डब्यात घातला. मडकं उपडं करून बघितलं, तळाला राख तेवढी राहिली होती. फडकं घडी करून तिनं खुंटीला टाकलं. "ह्या साली उन्हाळ्यात हवा खा, गोजर," ती स्वतःशीच म्हणाली.

सोमवारी भाविकानं डबा घरी नेला. जनीनं झाकण काढलं, वालाचा दाणा बोटात धरला, बोटाला राख लागली. तशीच ती उठली आणि चार घरं फिरली. सगळीकडं तेच. भाजीला म्हणून दिलेल्या वालाला राख कोण लावतं? डबे गोळा करून ती शाळेत गेली.

"बाई, तुमच्या शनिवारानं डोकरीचं बियाणं खाल्लं."

पूजाबाईंना आधी कळेना. मग कळलं तशा त्या खुर्चीत बसल्या. मागल्या भिंतीवर चांदण्या चमकत होत्या.

दोघी गोजरच्या ओट्यावर आल्या, मागनं पोरं. जनीनं एका पातेल्यात सगळा वाल एकत्र करून आणला होता.

"हे ठेव तुजं."

गोजर लाल झाली. "दिल्यालं परत आणतंस? माज्या तोंडावर मारायला?"

"मग आमी खाऊ काय तुजं बी? घशाखाली उतरंल काय?"

"खा नायतर कोंबड्यांना घाल. माज्या उंबऱ्याच्या आत ते यायचं नाय."

पूजाबाई मधे पडल्या. "आजी, चूक माझी झाली. पण तुम्ही डबे रिकामे दिले असते तर काय बिघडलं असतं? लहान पोरं ती."

गोजरनं त्यांच्याकडं बघितलं. "तुज्या सापगावात तुजी आय देते काय रिकामा डबा?"

पूजाबाई हळूच म्हणाल्या, "नाय देत."

"मग? तुज्या आयला लाज हाय, आन मला नको? म्हातारी झाली, एकटी हाय, म्हणून नुसतं घ्यायचं आन त्वांड पुसायचं?"

पातेलं जनीच्या हातातच. ती खाली ठेवायला तयार नाही, गोजर घ्यायला तयार नाही. खाली ओढ्याकडं तुकडा मोकळा पडला होता आणि ओल दिवसागणिक उतरत होती. आजूबाजूच्या शेतांत वाल पेरून झाला होता. ते तिघींनाही दिसत होतं.

जनीनं पातेलं कमरेवर घेतलं आणि बाजारात घासाघीस करावी तसा आवाज काढला.

"बरं, तुजं नको. हा वाल आता पोरांचा. पण पोरांना जमीन नाय. माज्या शेताची ओल गेली. तुज्या तुकड्यात हाय. पोरं पेरतील. अर्धेलीनं देतंस काय?"

अर्धेली म्हणजे जमीन एकाची, बी दुसऱ्याचं आणि पीक निम्मं-निम्मं. त्यात कुणी कुणाचा मिंधा नसतो. जनी काय करते आहे हे गोजरला कळलं नाही असं नाही. डोळे बारीक करून तिनं तिला नीट न्याहाळलं. पण बोलणं सरळ होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"पेरणी कोनाची?"

"पोरांची."

"खुरपणी?"

"ती पन."

"राखण?"

"राखण तुजी. जमीनवालीनं नको काय करायला?"

"पोरं कामाला येताना डबे नाय आणायचे."

"एक बी नाय," पूजाबाई घाईनं म्हणाल्या.

"तू मधी बोलू नको गो, बाय. व्यवहार चाललाय." गोजर पुन्हा जनीकडं वळली. "शेंगा मी मोजून घेणार."

"घे. आमी पन मोजू."

"मग ठेव पातेलं," गोजर म्हणाली, आणि तिनं बसायला पाट सरकवला.

त्या शनिवारी पोरं हात हलवत आली. गोजर काठी घेऊन बांधावर उभी. "ये संदेश, कोंबडीला दाणे टाकतंस काय? वितीवर टाक, वितीवर! भाविका, पायाखाली बघ गो, आताच पेरलंस ते तुडवतंस." दुपारपर्यंत तिनं पोरांना पार दमवलं. पूजाबाईंनीही साडीचा पदर खोचून एक ओळ टाकली. ती वाकडी गेली, हे गोजर पुढं महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती.

माघात शेंगा भरल्या. निम्म्या गोजरच्या, निम्म्या शाळेच्या. पोरांच्या वाट्याच्या शेंगा तिनं ओवा-मीठ घालून मडक्यात उकडल्या आणि टोपलीतून शाळेत पाठवल्या. पोरांनी सालं वर्गभर केली. टोपली रिकामी झाली, आणि पूजाबाई ती भाविकाच्या हाती देणार तेवढ्यात भाविकानं हात मागं घेतला.

"बाई, रिकामी?"

पूजाबाईंनी इकडंतिकडं बघितलं. शाळेत द्यायला असतं काय? खडू, डस्टर. साखरेचा दाणा नाही. मग पोरीनंच टेबलाचा खण उघडला आणि उरलेल्या चांदण्यांचा कागद टोपलीत ठेवला. वाल पेरला तेव्हापासून तक्त्यावर चांदणी लावायची आठवण कुणाला राहिली नव्हती.

गोजरनं कागद उलटापालटा करून बघितला.

"हे शिजतं काय गो?"

"नाय. चिकटतं."

गोजर आत गेली. आधी वाळलेल्या शेंगांचं नवं बी राखेत घोळवून तिनं कालच मडक्यात भरलं होतं, तोंडाला फडकं घट्ट बांधलं होतं. मडक्याच्या पोटावर तिनं एक चांदणी दाबून बसवली.

"आता ह्याच्यात हात घातला तर मोडीन," ती म्हणाली. कुणाचा, ते सांगितलं नाही. वाडीत सगळे समजले, तिचा स्वतःचाच.